धान्य, कापूस, तुराट्या आणि जगप्रसिद्ध चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात अंगणात आणि शाळेच्या पटांगणात केलेल्या चित्रांचे फोटो फिरत फिरत लांब जातात, आणि मग बुलडाण्यापासून गोंदियापर्यंतची माणसं विचारू लागतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हे नेमकं काय आहे? धान्याची रांगोळी तर आपल्याकडे आधीपासून काढतात.

काढतात, आणि रांगोळीला हात बसलेल्या माणसाला हे काम लवकर जमतं. फरक असा की इथे एक नामांकित चित्र समोर ठेवायचं आणि रंगांऐवजी हाताशी असलेल्या वस्तूंनी ते पुन्हा उभं करायचं. नक्षी मनाने वाढवायची नाही. मूळ चित्रकाराने उजेड कुठून घेतला, कुठली जागा मोकळी सोडली, हे शोधत जायचं. त्यासाठी एकच चित्र तासन्‌तास पाहावं लागतं. आम्ही हा सगळा खटाटोप त्या पाहण्यासाठीच करतो.

कल्पना नवी नाही. इटलीच्या आर्चिम्बोल्दोने सोळाव्या शतकात फळं, भाज्या, कणसं जोडून माणसांचे चेहरे रंगवले; सम्राट दुसरा रुडॉल्फही त्यातून सुटला नाही. ब्राझीलच्या विक मुनीझने १९९९ मध्ये पीनट बटर आणि जेलीतून मोनालिसा केली. २०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तू वापरून चित्रं साकारायला सांगितली, तेव्हा जगभरातून फोटो आले.

२. पहिलं चित्र कोणतं घ्यावं? आम्ही मोनालिसा करणार होतो.

पहिल्या खेपेला मोनालिसा नको. लिओनार्दोने त्या चेहऱ्यावर उजेडातून सावलीत जाताना कुठेही रेघ ठेवलेली नाही, सगळं धुरासारखं विरत जातं. दाण्याला मात्र कड असते. डाळीच्या दाण्यांनी ते हसू आणायला हात चांगलाच मुरलेला लागतो.

होकुसाईची 'महालाट' घ्या. १८३१ च्या सुमाराचा हा जपानी लाकडी ठशाचा छाप आहे. कडा स्पष्ट, छटा मोजक्या. लाटेच्या फेसाला कापूस असा शोभतो की बाकी काही सुचवावं लागत नाही. व्हॅन गॉगची १८८९ ची 'तारांकित रात्र'ही सोपी जाते, कारण तिच्यातल्या प्रत्येक फटकाऱ्याला दिशा आहे. तणस, सुतळी, तुराट्यांच्या बारीक काड्या त्या दिशेने लावत गेलं की आभाळ आपोआप फिरू लागतं. लहान मुलांसाठी डच चित्रकार मोंद्रिआनच्या चौकटी: ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या काळ्या रेघा आणि मधे लाल, पिवळे, निळे चौकोन.

पण थोडा हात बसला की फ्रेंच चित्रकार मिलेचं 'सरवा वेचणाऱ्या बाया' हे १८५७ चं चित्र नक्की करा. सध्या ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. कापणी झालेल्या शेतात तीन बाया सरवा वेचतायत. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धी. मागे लांबवर उजेडात पिकाच्या गंजी, गाडी, घोड्यावरचा देखरेख करणारा माणूस. भरलेलं पीक उन्हात आहे आणि वेचणाऱ्या बाया अलीकडे सावळ्या रंगात. आम्ही मागच्या गंजींना तुरीची डाळ आणि ज्वारी वापरली, अलीकडच्या जमिनीला सोयाबीनचं कुटार आणि माती. वाकलेल्या पाठींची रेघ भिजवलेल्या अंबाडीच्या वाखाने ओढली. वाख ओला असताना हवा तसा वळतो आणि वाळला की तसाच राहतो. चित्र मांडताना गावातल्या बायांनी सगळ्यात आधी काय पाहिलं, तर डावीकडच्या बाईचा पाठीवर ठेवलेला हात. सोयाबीनच्या वावरात दुपारनंतर कंबर तशीच धरावी लागते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या हाताचं माप त्यांनी तीनदा बदलायला लावलं, आणि दर वेळी त्यांचंच बरोबर होतं.

३. मोबाइलवरचं एवढंसं चित्र अंगणाएवढं कसं करायचं?

चौकटींनी. मूळ चित्राची लांबी-रुंदी आधी पाहा. 'तारांकित रात्र' ७३.७ सेंटिमीटर उंच आणि ९२.१ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे चारास पाच. अंगणात ८ फूट बाय १० फूट घेतलं की प्रमाण बरोबर बसतं. प्रिंटवर उभ्या-आडव्या रेघा मारा, जमिनीवर तेवढ्याच चौकटी गवंड्याच्या दोरीने पाडा (दोरी चुन्यात घोळवून ताणायची आणि मधे उचलून सोडायची) आणि एकेक चौकट उतरवत चला.

आता खरं महत्त्वाचं. कुठलीही वस्तू हातात घेण्यापूर्वी मोबाइलवर चित्र कृष्णधवल करून पाहा. रंग गेले की उरतात उजेड, मधली छटा आणि अंधार. त्या तीन भागांच्या हद्दी आधी कोळशाने आखून घ्या. मग घरातल्या वस्तूही सुपात ओतून तशाच तीन ढिगांत लावा: उजळ, मधली, गडद. हळद आणि मिरची रंगाने किती वेगळ्या, पण कृष्णधवल फोटोत मिरची गडद ढिगात जाते आणि हळद उजळ ढिगात. हे ढीग बरोबर लागले तर रंग चुकला तरी चित्र ओळखू येतं. ढीग चुकले तर रंग कितीही जुळवा, लांबून नुसता चिखल दिसतो. बहुतेकांची चित्रं इथेच फसतात, आणि दोष मात्र वस्तूंना दिला जातो.

४. कोणत्या रंगाला काय वापरता? आणि निळा कुठून आणता?

पांढऱ्याला कापूस, तांदूळ, चुना. पिवळ्याला तुरीची आणि हरभऱ्याची डाळ. नारिंगीला मसुरीची डाळ आणि संत्र्याची साल. साल सावलीत, वजनाखाली वाळवा. उन्हात ती तपकिरी होते आणि वळते. लाल रंगाला गेरू आणि अख्ख्या वाळल्या मिरच्या. भिवापुरी मिरचीचा लाल फार खोल लागतो. तपकिरीत जवस, मोहाची टोळंबी (बिया), पऱ्हाटीच्या बोंडांची वाळली कवचं. कवचांच्या आतली बाजू फिकट आणि बाहेरची गडद, म्हणून एकाच वस्तूत दोन छटा मिळतात. हिरव्याला मूग. झाडाचा पाला नको, दुसऱ्या दिवशी रंग टाकतो. काळ्याला उडीद, काळे तीळ, कोळशाची भुकटी.

काळी माती काळ्या रंगासाठी धरू नका. ओली असेपर्यंतच ती काळी, वाळली की राखाडी होते आणि भेगा पडतात. त्या राखाडीचा उपयोग मात्र मोठा आहे. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' रंगवताना भावाला लिहिलं होतं की चेहऱ्यांचा रंग धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा आहे. ते चित्र आपल्या काळ्या मातीत आणि मुरमात जितकं खरं उतरतं, तितकं कुठल्याच डाळीत उतरणार नाही.

निळा आपल्या वावरात नाहीच. गोकर्णीची फुलं विटतात. शाळेच्या जुन्या निळ्या गणवेशाच्या चिंध्या, फाटकी ताडपत्री, नीळ दिलेला कापूस यांवर आम्ही भागवतो. बाहेरून आणलेला रंग चालेल का, अशी शंका अनेकांना येते. होकुसाईच्या लाटेतला निळा, प्रशियन निळा, मूळचा बर्लिनचा. व्यापारातून जपानात पोहोचला. तेव्हा निश्चिंत आणा.

५. चिकटवायला काय वापरावं?

जमिनीवरच्या चित्राला काहीच नको. शेणाचा सडा टाकून जमीन अर्धवट ओली असतानाच दाणे पसरा, ते धरून राहतात. पाटीवर किंवा बारदानावर करायचं असेल तर बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्या. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि किडेही येतात. जवसाचे दाणे घसरतात. त्यांना घट्ट डिंक लागतो. कापूस कधीही ओल्या डिंकात दाबू नका. डिंक जरा चिकट होऊ द्या, मग कापूस पिंजून वरून नुसता टेकवा, नाहीतर तो चपटा आणि मळकट होतो.

६. ही अन्नाची नासाडी नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि आमच्या गावातही पहिल्यांदा हाच विचारला गेला. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवल्या. खायच्या धान्याला डिंक लावायचा नाही. जमिनीवर खायचं धान्य पसरायचं असेल तर खाली स्वच्छ धुतलेलं कापड, आणि संध्याकाळी ते चाळून, निवडून ज्याचं त्याला परत. चिकटवायच्या चित्राला सोंडे लागलेलं धान्य, खळ्यावरचं मातीमिश्रित धान्य आणि चाळणीखालचा चुरा. सड्यावरच्या चित्राचे दाणे पाखरांना आणि कोंबड्यांना.

शिवाय धान्य लागतंही फार. ८ बाय १० फुटांवर डाळीचा एक थर पसरायला पंधरा-वीस किलो सहज जातात. म्हणून मोठी जागा नेहमी कुटार, राख, माती, तणस यांनी भरा आणि धान्य फक्त जिथे नजर थांबायला हवी तिथे ठेवा. चित्रही त्यानेच चांगलं होतं.

७. काय अजिबात वापरू नये?

कंपनीचं रंग लावलेलं बियाणं. त्याचा गुलाबी, निळा, हिरवा रंग फार मोह पाडतो, पण तो बीजप्रक्रियेचा असतो आणि त्यात बुरशीनाशक, कीटकनाशक असतं. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, झाकणं, पाकिटंसुद्धा नाहीत, धुऊनही नाहीत. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले. तो काळ पाहिलेल्या माणसांनी तरी या बाबतीत कुणाच्या आग्रहाला बळी पडू नये.

गुंजाही नको. लाल दाणा आणि काळा ठिपका पाहून मुलं त्या वेचून आणतात, पण गुंज चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. तेच एरंडीच्या आणि धोतऱ्याच्या बियांचं. मिरचीची पूड वाऱ्याने डोळ्यांत जाते, म्हणून मिरची अख्खीच.

८. कापसाला भाव नाही, आणि तुम्ही त्याची चित्रं करत बसता?

विकायचा कापूस आम्ही वापरत नाही. कवडी कापूस, बोंडअळीने डागाळलेला, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर लोंबत राहिलेला, असा जो मापात धरला जात नाही तोच घेतो. डागाळलेल्या कापसाचा पिवळट रंग ढगांना आणि म्हाताऱ्यांच्या केसांना फार उपयोगी पडतो.

पण विचारणाऱ्याचा रोख वेगळा असतो, तोही समजतो. चित्राने भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही. तरीही ज्या बाईचं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं, तिला कापसाच्या पाच-सहा छटा नुसत्या बोटांनी वेगळ्या करता येतात, आणि हे तिला येतं हे आजवर तिला कुणी म्हटलेलं नसतं. तो मान तिला मिळावा असं मला मनापासून वाटतं. भावाची लढाई तिच्या जागी, ती लढायचीच.

९. आमचे पोट्टे दहा मिन्टं एका जागी बसत नाही. त्यायले यात गुतवाचं कसं?

बसवूच नका. पाच-सहा वर्षांच्या मुलांना वेचायला आणि ढीग लावायला पाठवा (प्रश्न ३ मधले तीन ढीग). त्यात धावपळ भरपूर असते. आठ-दहा वर्षांची मुलं चौकटी भरतात. एकाला एकच चौकट द्या, पूर्ण चित्र दाखवू नका. सगळ्या चौकटी जुळून चेहरा किंवा लाट दिसू लागते तेव्हा त्यांना परत बोलवावं लागत नाही. मोठ्यांना रेखाटन आणि फोटो द्या. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी सजवून आणतातच. आमच्याकडे हा नाद तिथूनच लागला. नंदीच्या झुलीवर कुणी मोंद्रिआनच्या चौकटी काढल्या, तर कुणी व्हॅन गॉगची सूर्यफुलं हरभऱ्याच्या डाळीने भरली.

१०. कोणत्या दिवसांत करावं? वारा आणि शेळ्या यांचं काय करता?

दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. माल घरात आलेला असतो, पाऊस नसतो, ऊन सोसवतं. होळीनंतर वावटळी सुरू होतात, तेव्हा कुटाराचं काही करू नये. पहाटे सडा, आठपर्यंत रेखाटन, आधी माती आणि राख, मग काड्या, धान्य आणि कापूस सगळ्यात शेवटी. शेळ्या-कोंबड्यांसाठी एक माणूस फक्त राखणीला ठेवावा लागतो. दुसरा उपाय नाही.

११. फोटोत चित्र वेडंवाकडं का दिसतं?

उभ्याने काढला की जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान येतो. गच्चीवरून, शिडीवरून किंवा पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून, जमेल तितका सरळ खाली पाहून काढा. उंच जागा नसेल तर चित्र पाटीवर करून भिंतीला टेकवा.

वेळ सकाळची घ्या. तिरप्या उन्हात प्रत्येक दाण्याची, काडीची सावली पडते आणि चित्राला उठाव येतो. भर दुपारी तो नाहीसा होतो. मूळ चित्रातला उजेड डावीकडून असेल तर अंगणातलं ऊनही डावीकडून येईल असं चित्र आधीच फिरवून मांडा. व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी करताना हे विसरू नका; तिच्या चेहऱ्याचा सगळा जीव डावीकडच्या उजेडात आहे.

१२. सगळी चित्रं परदेशीच का? आपल्याकडची चालत नाहीत?

चालतात, आणि काहींवर आपला हक्क जास्त. राजा रविवर्म्याचं १८९९ चं 'हंस-दमयंती' पाहा. दमयंती विदर्भाची राजकन्या, भीम राजाची लेक. तिच्या हंसाला विदर्भाच्या कापसाइतकी योग्य वस्तू नाही. मान करताना कापूस वातीसारखा वळा, पंखांना मोकळा पिंजलेला ठेवा.

दुसरं, अजिंठ्याचा पद्मपाणी. अजिंठ्याच्या कामाचा मोठा काळ पाचव्या शतकातल्या वाकाटक हरिषेणाच्या राजवटीतला, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. तिथल्या भिंतींना मातीत भुसा आणि गवत-काड्यांचे तंतू मिसळून लिंपण केलेलं आहे, वर गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. म्हणजे शेणामातीने सारवलेली भिंत आणि धानाचा कोंडा तुमच्याकडे असेल, तर बरंचसं सामान घरातच आहे. चित्राचा तुटका, उडालेला भागही तसाच ठेवा. तो भरून काढायचा मोह होतो, आवरा.

१३. देवाचं किंवा संतांचं चित्र असं केलं तर कुणी दुखावेल का?

जमिनीवर केलं तर दुखावेल, आणि त्यात त्यांचं चुकणार नाही. अशी चित्रं पाटीवर करून उभी ठेवा, त्यात शेण, राख, जुनं पायपुसणं वापरू नका, आणि मोडताना रांगोळीसारखं पुसण्याऐवजी दाणे वेचून घ्या. गाडगेबाबांचा चेहरा खराट्याच्या काड्यांतून केला तर कुणाची हरकत आली नाही. उलट घराघरांतून खराटे आले. वस्तू आणि माणूस यांचं नातं खरं असेल तर लोक समजून घेतात. शंका असेल तर गावातल्या जाणत्यांना आधी विचारा.

१४. कॉपीराइट लागतो का? केलेलं चित्र विकता येतं का?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. व्हॅन गॉग (१८९०), रविवर्मा (१९०६), अमृता शेरगिल (१९४१) यांची चित्रं मोकळी आहेत. पिकासो १९७३ मध्ये गेला, त्याच्यावरचा हक्क २०३३ अखेरपर्यंत. हुसेन २०११ मध्ये गेले, तो २०७१ अखेरपर्यंत.

यात एक चित्र नेहमी घोटाळा करतं: हातात दिवा धरलेली, बोटांतून उजेड झिरपणारी बाई. रविवर्म्याचं समजून अनेक जण ते करायला घेतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०२८ अखेरपर्यंत. वर्गात शिकवताना किंवा घरी सराव म्हणून करायला अडचण नाही. विकायचं किंवा कॅलेंडरवर छापायचं असेल तर वारसांची परवानगी हवी. मोकळ्या चित्रावरून केलेलं तुमचं काम खुशाल विका, फक्त खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा. विकायच्या कामाला काचेची चौकट लागते आणि आतलं धान्य आधी कडक उन्हात वाळवलेलं असावं लागतं, नाहीतर महिनाभरात काचेआड सोंडे फिरतात.

१५. ज्यात माणूस, झाड, घर काहीच नाही असं चित्र करता येईल का? गायतोंडेंचं करायचं आहे.

वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. नागपूरच्या आसपासच्या शाळांमधून हा प्रश्न येतो याचा मला फार आनंद होतो. ते २००१ मध्ये गेले, तेव्हा हक्काचा नियम इथेही लागू: शिकण्यासाठी करा, विकण्यासाठी नाही (प्रश्न १४).

इथे चौकटींची पद्धत उपयोगी पडत नाही, कारण उतरवून घ्यायला आकारच नसतो. गायतोंडे रोलर आणि सुरीने रंगाचे थर द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे. तुम्हीही तसंच करा. पाटीला पातळ शेणकाला, तो वाळला की बारीक चाळणीने राख, तिच्यावर ओल्या फडक्याचा एक हात, मग कापडातून गाळलेली गेरूची माती. मधेमधे लाकडी पट्टीने खरवडून खालचा थर दिसू द्या. दोन थरांमध्ये पूर्ण वाळवण हवी, म्हणजे एका दिवसात हे होत नाही. रोज एक थर धरा, आणि प्रत्येक थरात काय किती घेतलं ते वहीत लिहून ठेवा, कारण वाळल्यावर छटा बदलते आणि पुढच्या पाटीला तो अंदाज लागतो.